बाडेन-व्युर्टेम्बर्गचा पैसा कुठल्या खोऱ्यात आहे?

तुमचा प्रश्न असा: मुलगा चाकणच्या एका कारखान्यात मेकॅनिकल इंजिनिअर आहे. जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात पुढं शिकावं किंवा नोकरी धरावी असं त्याच्या मनात आहे. हे राज्य आहे कसं, श्टुटगार्टखेरीज मोठी शहरं कोणती, एवढी श्रीमंती आली कुठून, आणि मोटारींच्या धंद्याला घरघर लागल्याच्या बातम्या येत असताना तिकडं जाण्यात शहाणपण आहे का?

माझा धंदा मशीन टूल्सचा. या राज्यातल्या कारखान्यांशी देण्याघेण्याचे संबंध जुने आहेत. त्यामुळे उत्तर लांबणार आहे आणि त्यात माझी मतंही येणार आहेत.

मोठ्या शहरांचं आधी उरकून टाकतो, कारण ती यादी फार छोटी आहे. राज्याची लोकसंख्या साधारण १ कोटी १२ लाख, आणि राजधानी श्टुटगार्टची सहा लाखांच्या आसपास. मानहाइम आणि कार्ल्सरूह तीन-तीन लाखांच्या घरातली. फ्रायबुर्ग सव्वादोन लाखांच्या वर, हायडेलबर्ग दीड लाखाच्या वर, उल्म, हाइलब्रोन आणि फोर्त्सहाइम सव्वा लाखाच्या आगेमागे, रॉइटलिंगेन लाखाच्या वर. संपली यादी. क्षेत्रफळ ३५,७५१ चौरस किलोमीटर, म्हणजे आपले पुणे आणि नाशिक जिल्हे जोडले तर त्याहून थोडंसंच जास्त. एवढ्याशा जागेतून वर्षाला ६०० अब्ज युरोंहून अधिक मूल्याचं उत्पादन निघतं. आकारानं आणि लोकसंख्येनं, दोन्हीकडून जर्मनीतलं हे तिसरं राज्य. पण मुंबई-पुण्यासारखं सगळं ओढून घेणारं शहर इथं नाही. राज्यात १,१०१ नगरपालिका आणि ग्रामपालिका आहेत, आणि जगात नंबर लावणारी कंपनी पंधरा हजार वस्तीच्या गावात सापडणं ही इथली रोजची गोष्ट आहे. म्हणून मुलाला सांगा, नकाशावर शहरं शोधू नकोस, नद्या आणि खोरी शोध. कुठल्या खोऱ्यात कुठला धंदा रुजला आणि का रुजला हे कळलं की हे राज्य कळतं, आणि आज कुठं पडझड आहे आणि कुठं नाही हेही कळतं.

भूगोल पश्चिमेकडून धरू. फ्रान्सच्या सरहद्दीवरून ऱ्हाईन उत्तरेला वाहते. तिच्या काठचा सपाट पट्टा जर्मनीतला सर्वांत उबदार. फ्रायबुर्गच्या पश्चिमेला कायझरश्टूल नावाचा जुन्या ज्वालामुखीचा डोंगर आहे, त्याच्या उतारांवर द्राक्षमळे आहेत. ही ऱ्हाईन पूर्वी नागमोडी, दलदलीची आणि हिवतापाची होती. योहान गॉटफ्रीड टुला या बाडेनच्या इंजिनिअरनं १८१७ पासून ती सरळ करायला घेतली. तिची लांबी सुमारे ८० किलोमीटरनं कमी झाली. दलदल गेली, शेती आली, बोटी आल्या, आणि खालच्या अंगाची गावं पुराच्या तोंडी गेली. तो हिशेब आजही चुकता होतो आहे. पूर साठवायला काठाकाठानं जागा मोकळ्या करण्याचं काम सरकार आता करत आहे.

पट्टा संपला की श्वार्त्सवाल्ड, म्हणजे आपल्याकडे केकमुळे माहीत असलेलं ब्लॅक फॉरेस्ट, भिंतीसारखं उभं राहतं. सर्वांत उंच माथा फेल्डबर्ग, १,४९३ मीटर. कळसूबाईपेक्षा फार कमी नाही, पण हिवाळ्यात इथं स्कीइंग चालतं. त्याच्या पूर्वेला नेकार नदीचा प्रदेश. ही श्वेनिंगेनजवळ उगम पावून ट्युबिंगेन, श्टुटगार्ट, हाइलब्रोन, हायडेलबर्ग करत मानहाइमला ऱ्हाईनला मिळते. मानहाइमपासून प्लोखिंगेनपर्यंत तिच्यावर २७ लॉक, म्हणजे बोट वर-खाली करणारे पाण्याचे दरवाजे, बांधून मालवाहू बोटींची वाट केली आहे. राज्यातली वस्ती आणि कारखाने सर्वांत दाट आहेत ते या नदीच्या मधल्या टप्प्यात.

नेकारच्या दक्षिणेला श्वेबिश आल्ब हे चुनखडीचं पठार. वायव्येकडून पाहिलं तर सह्याद्रीसारखा तुटलेला कडा, आणि कड्यावर चढून गेलं की आग्नेयेकडे दख्खनसारखा सावकाश उतार. फरक पाण्याचा. आल्बवर पाऊस पडतो, पण पाणी ठरत नाही, चुनखडीच्या भेगांतून खाली जातं. एकोणिसाव्या शतकापर्यंत इथली गावं छपरावरचं आणि डबक्यातलं पाणी पीत होती. १८७० च्या दशकात खालच्या खोऱ्यांतून पंपानं पाणी वर चढवण्याची योजना सुरू झाली, तेव्हा कुठं या गावांना नळ दिसला. याच पठाराच्या गुहांत चाळीसेक हजार वर्षांपूर्वी माणसानं मॅमथच्या सुळ्यातून कोरलेल्या मूर्ती सापडल्या. त्या गुहा २०१७ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत.

पाण्याची सगळ्यात गमतीची गोष्ट डॅन्यूबची. ही नदी याच राज्यात जन्मते; ब्रेग आणि ब्रिगाख हे दोन प्रवाह डोनाउएशिंगेनला एकत्र येतात आणि डॅन्यूब सुरू होते. पुढं इमेंडिंगेनजवळ ती जमिनीत मुरते. उन्हाळ्यात कित्येक दिवस पात्र पार कोरडं असतं, त्यातून चालत जाता येतं. १८७७ मध्ये आडोल्फ क्नोप या भूगर्भतज्ज्ञानं त्या भेगांत टनावारी मीठ आणि रंग ओतला. तो दोन-तीन दिवसांनी दक्षिणेला आख नावाच्या गावातल्या झऱ्यातून बाहेर आला. हे झऱ्याचं पाणी बोडनझे या सरोवराला मिळतं आणि तिथून ऱ्हाईनला. म्हणजे काळ्या समुद्राकडे निघालेलं पाणी उत्तर समुद्राला पोचतं. शोधामागं निव्वळ जिज्ञासा नव्हती. आखच्या काठचे गिरणीवाले आणि डॅन्यूबच्या काठचे कारखानदार पाण्यावरून भांडत होते. भांडण इतकं चिघळलं की १९२७ मध्ये व्युर्टेम्बर्ग आणि प्रशिया एका बाजूला आणि बाडेन दुसऱ्या बाजूला असा खटला देशाच्या न्यायालयात उभा राहिला. नदीच्या पाण्यावरून राज्याराज्यांत भांडण ही आपलीच मिरास नाही.

दक्षिणेला ऑबरश्वाबेनची हिरवी, गाईगुरांची टेकडावळ आणि मग बोडनझे, नकाशातलं कॉन्स्टन्स सरोवर. ५३६ चौरस किलोमीटरच्या या पाण्याला जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया लागून आहेत, आणि मोठ्या भागात सरहद्द कुठून जाते याचा करारच नाही. कोणाचं काही अडतही नाही. १९५४ मध्ये इथं पाणीपुरवठ्याची संस्था निघाली. झिप्लिंगेनला ६० मीटर खोलीवरून पाणी उचलून तीनशे मीटर वर डोंगरावर चढवतात आणि नळांनी उत्तरेला सोडतात. सुमारे ४० लाख माणसं ते पितात, श्टुटगार्टसुद्धा.

आता श्रीमंती. या राज्यात सांगण्यासारखा कोळसा नाही, मोठं लोखंड नाही, समुद्र नाही. पश्चिम जर्मनीतल्या कोळशाच्या रूर भागाला जे आयतं मिळालं ते इथं काहीच नव्हतं. उलट व्युर्टेम्बर्गच्या बऱ्याच भागात आणि बाडेनच्या सखल पट्ट्यात वडिलांची जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटायची रीत होती. दोन-चार पिढ्यांत शेताचे पट्टे झाले, पोट भरेना. कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. त्यात १८१५ मध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला. पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा आलाच नाही, पिकं बुडाली. व्युर्टेम्बर्गची माणसं अमेरिकेला आणि रशियाला निघून गेली. राजा विल्हेल्म पहिला आणि राणी कातारिना यांनी १८१८ मध्ये होहेनहाइमला शेतकी शाळा काढली, बचत बँक काढली आणि कान्श्टाटचा शेतकी मेळा भरवला. होहेनहाइम आज विद्यापीठ आहे, आणि मेळ्याची दर शरदात भरणारी जत्रा झाली आहे. तिथं आता बिअर शेतीपेक्षा जास्त दिसते.

जमिनीचा तुकडा पुरत नाही आणि सोडवतही नाही, अशा माणसानं घरात जोडधंदा केला. श्वार्त्सवाल्डमध्ये हिवाळ्यात लाकडाची घड्याळं, आल्बवर हातमाग, कुठं चाकू-कात्र्या. मग १८४८ मध्ये व्युर्टेम्बर्ग सरकारनं उद्योग आणि व्यापारासाठी एक मध्यवर्ती कचेरी काढली. तिचा कर्ताधर्ता फेर्डिनांड श्टाइनबाइस. हा माणूस माझ्या मते या राज्याच्या श्रीमंतीचा खरा मानकरी, राजे-महाराजांपेक्षा कितीतरी जास्त. परदेशी प्रदर्शनांतून तो नव्या मशीन आणायचा, कारागिरांना बघायला-वापरायला द्यायचा, तरण्या माणसांना शिकायला बाहेर पाठवायचा, संध्याकाळच्या धंदेशिक्षणाच्या शाळा काढायचा. मोठा कारखाना आणून बसवण्यापेक्षा गावातल्या लोहाराला चांगला यंत्रकार करायचा, हा त्याचा हिशेब. शंभर लोहारांतले पाच पुढं जातात आणि त्यांचे कारखाने गाव सोडून जात नाहीत.

हे प्रत्यक्षात कसं घडलं ते खोऱ्याखोऱ्यानं बघा. फिल्स नदीच्या खोऱ्यात गाइसलिंगेन. श्टुटगार्टहून उल्मला जाणारी रेल्वे इथं आल्बचा कडा चढते. १८५० मध्ये ती सुरू झाली तेव्हा एवढा चढ चढणारी रेल्वे हे नवल होतं. त्या बांधकामाची अवजारं दुरुस्त करायचं काम डानिएल श्ट्राउब या गावच्या गिरणीवाल्याकडे आलं. त्यातून यंत्रांचा कारखाना निघाला, आणि १८५३ मध्ये धातूच्या भांड्यांचा. तीच पुढं डब्ल्यूएमएफ, जिचे काटे-चमचे युरोपभरच्या हॉटेलांत असतात. पलीकडे ब्रेन्त्स नदीवर हायडेनहाइमला फॉइटच्या जलविद्युत टर्बाईन आणि कागदाच्या मशीन, त्याच नदीवर गिंगेनला मार्गारेटे श्टाइफ यांची टेडी बेअरची कंपनी. कोखर नदीवर ओबरकोखेन. १९४५ मध्ये अमेरिकन फौजांनी येनामधून निघताना भिंगांच्या त्साइस कंपनीची जाणती माणसं बरोबर आणली, आणि पुढं या गावात कारखाना उभा राहिला. आज जगातल्या सर्वांत बारीक चिप बनवणाऱ्या मशीनमधले आरसे ओबरकोखेनला तयार होतात आणि त्यांना लागणारा लेसर श्टुटगार्टजवळच्या डित्सिंगेनला, ट्रुम्फ कंपनीत. मशीन नेदरलँड्सच्या एएसएमएलची, चिप तैवानच्या, पण या दोन गावांवाचून त्यांचं पान हलत नाही.

श्वार्त्सवाल्डच्या घड्याळांची गोष्ट मला सगळ्यांत आवडते, कारण तिच्यात धंदा मेला आणि कसब राहिलं. फुर्टवांगेनला १८५० मध्ये सरकारनं घड्याळाची शाळा काढली. तिचा पहिला प्रमुख रोबर्ट गेर्विग, जो पुढं श्वार्त्सवाल्डमधून जाणाऱ्या रेल्वेचा बांधकर्ता झाला. घड्याळाचे दाते कापणारे हात ग्रामोफोन आणि रेडिओकडे वळले, सांक्ट गेओर्गेनची डुआल आणि फिलिंगेनची झाबा या कंपन्या त्यातून आल्या. १९७० च्या दशकात क्वार्ट्झ आणि जपानी माल आला, बहुतेक सगळं कोसळलं. श्वेनिंगेनमध्ये घड्याळाच्या कारखान्यांची संग्रहालयं झाली. पण बारीक काम करणारी माणसं तिथंच होती. आज त्या भागात वैद्यकीय उपकरणं, सेन्सर आणि खरादीचे सुटे भाग बनतात. होइबर्ग पठारावरच्या गावांत खरादीवाले किती आहेत ते बघायचं तर गोझहाइमला जा. तिथंच हेर्मलेचा मशीनिंग सेंटरचा कारखाना आहे, चाकणमधल्या टूल रूमवाल्याला हे नाव सांगावं लागणार नाही. शेजारी डॅन्यूबकाठी टुटलिंगेन, जिथं गॉटफ्रीड येटर या चाकू करणाऱ्यानं १८६७ मध्ये शस्त्रक्रियेची हत्यारं करायला सुरुवात केली. त्याची कंपनी एस्कुलाप, आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांसाठी प्रसिद्ध कार्ल श्टोर्त्सही इथलीच. लहान-मोठ्या अशा शेकडो कंपन्या त्या गावात आणि भोवती आहेत. आपल्याकडच्या कोणत्याही मोठ्या इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरात टुटलिंगेनचा ठसा असलेला चिमटा सापडतो. आणि ट्रोसिंगेनचं नाव आपल्या माऊथ ऑर्गन वाजवणाऱ्यांना ठाऊक असतं, होनर तिथली.

फोर्त्सहाइमला सोनारी. १७६७ मध्ये बाडेनच्या राज्यकर्त्यानं अनाथाश्रमात घड्याळ-दागिन्यांचं काम सुरू करून दिलं. २३ फेब्रुवारी १९४५ च्या एका रात्रीत बॉम्बहल्ल्यानं शहर संपलं, साडेसतरा हजारांवर माणसं गेली. आजचं शहर दिसायला रुक्ष आहे, त्याचं कारण हे. उत्तरेच्या होहेनलोहे भागात शेती मोठी आणि शहर नाहीच, तरी क्युन्त्सेल्झाउला व्युर्त आहे. राइनहोल्ड व्युर्त यांनी १९५४ मध्ये वयाच्या एकोणिसाव्या वर्षी वडिलांचं स्क्रूचं दुकान हाती घेतलं, आज समूहात ऐंशी हजारांहून अधिक माणसं आहेत. स्क्रू विकून.

ऱ्हाईनकाठचं बाडेन वेगळं. तिथं व्यापार, विद्यापीठं, दरबार. मानहाइमच्या मध्यभागी रस्त्यांना नावं नाहीत, चौकोनांना अक्षर-आकडे आहेत. पत्ता विचारला तर सी-४ असं सांगतात. कार्ल बेंझनं इथंच मोटार बनवली आणि १८८६ मध्ये पेटंट घेतलं. दोन वर्षांनी त्याची बायको बेर्टा मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, ती गाडी शंभरेक किलोमीटर चालवत फोर्त्सहाइमला माहेरी गेली. वाटेत वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं. धंद्याच्या भाषेत सांगायचं तर पहिली लांब पल्ल्याची चाचणी तिनं केली. वीसलोखलाच हायडेलबर्गच्या छपाई मशीनचा कारखाना, ज्या मशीनवर आपल्याकडे पुस्तकं, कॅलेंडरं आणि लग्नपत्रिका छापत आल्या. आणि शेजारच्या वाल्डॉर्फला सॉफ्टवेअरवाली सॅप. १९७२ मध्ये आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी काढलेली ती कंपनी. मानहाइमला एक चुटपुट कायमची आहे. बीएएसएफ ही रसायनांची कंपनी १८६५ मध्ये तिथं स्थापन झाली, पण गावात जागा मिळाली नाही म्हणून कारखाना नदीपलीकडे लुडविग्सहाफेनला गेला, आणि ते दुसऱ्या राज्यात आहे. नावातला 'बी' मात्र अजून बाडेनचाच.

हायडेलबर्गचं विद्यापीठ १३८६ चं. आपल्यासाठी त्याची ओळख वेगळी असायला हवी. उल्ममध्ये जन्मलेले गुंथर-डीट्स झोंटहाइमर तिथल्या दक्षिण आशिया संस्थेत शिकवत. धनगर, बिरोबा, म्हस्कोबा आणि जेजुरीचा खंडोबा यांच्यावर त्यांनी केलेल्या कामाला तोड नाही. कार्ल्सरूह हे १७१५ मध्ये राजवाड्याभोवती पंख्यासारखं आखलेलं शहर, देशाचं घटना न्यायालय तिथं आहे. हाइनरिख हेर्त्सनं विद्युतचुंबकीय लहरी सिद्ध केल्या त्याही इथल्याच तांत्रिक महाविद्यालयात. फ्रायबुर्ग सुंदर आहे, सौर संशोधनाची फ्राउनहोफर संस्था १९८१ पासून तिथं आहे. जवळच्या व्यूलला १९७५ मध्ये द्राक्षवाल्या शेतकऱ्यांनी अणुवीज केंद्राची जागा अडवली आणि प्रकल्प शेवटी झाला नाही. जर्मनीतल्या हरित चळवळीची मुळं तिथवर जातात. २०११ मध्ये विनफ्रीड क्रेचमान मुख्यमंत्री झाले, हरित पक्षाचे देशातले पहिले. मोटारींच्या राज्यात हरित मुख्यमंत्री, आणि तोही स्वभावानं चांगलाच जुन्या वळणाचा. इथं हे कोणाला विसंगत वाटलं नाही.

बाडेन आणि व्युर्टेम्बर्ग यांचं लग्न मात्र जबरदस्तीचं. युद्धानंतर अमेरिकन आणि फ्रेंच पट्ट्यांमुळे तीन तुकडे पडले होते, डिसेंबर १९५१ च्या सार्वमतानंतर २५ एप्रिल १९५२ ला एक राज्य झालं. जुन्या बाडेनमध्ये बहुमत विरोधात होतं, पण मतमोजणी चार भागांत झाली आणि तीन भाग बाजूनं गेले. कज्जे चालले. १९७० मध्ये बाडेनमध्ये पुन्हा मत घेतलं तेव्हा ८१.९ टक्के लोक राहू द्या म्हणाले. फुटबॉलच्या सामन्यात आणि टोमण्यांत जुनं वैर अजून निघतं. मुलानं कार्ल्सरूहच्या माणसाला चुकूनही श्वाबी, म्हणजे व्युर्टेम्बर्गवाला, म्हणू नये.

श्टुटगार्ट मुद्दाम मागं ठेवलं. ते वाटीत वसलं आहे, उतारांवर द्राक्षमळे थेट शहरात उतरतात आणि वर-खाली जायला दगडी पायऱ्यांच्या वाटा आहेत. वाटीमुळे हिवाळ्यात हवा कोंडते, हवेच्या प्रदूषणावरून कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत. कान्श्टाटला गॉटलीब डाइमलर आणि मायबाख यांनी इंजिन बनवलं, अंटरट्युर्कहाइमला मर्सिडीज, त्सुफेनहाउझेनला पोर्श, फॉयरबाखला बॉश. रोबर्ट बॉश यांनी १८८६ मध्ये इथं छोटं वर्कशॉप काढलं, १९०६ मध्येच आठ तासांचा दिवस दिला. आज कंपनीचे सुमारे ९४ टक्के समभाग एका धर्मादाय प्रतिष्ठानाकडे आहेत. बोडनझेकाठी फ्रीडरिक्सहाफेनला तर याहून नवल. तिथली झेडएफ ही गिअरबॉक्सची कंपनी बहुतांशी झेपेलिन प्रतिष्ठानाची, आणि ते प्रतिष्ठान नगरपालिकेच्या हातात. गिअरबॉक्स खपले तर गावच्या बालवाड्यांना पैसा. नाही खपले तर काय, हे आता त्यांना कळतं आहे.

इथं तुमच्या खऱ्या प्रश्नापाशी आलो. घरघर खरी आहे. झेडएफनं २०२४ मध्ये जाहीर केलं की २०२८ च्या अखेरीपर्यंत जर्मनीत १४,००० पर्यंत जागा कमी होतील. बॉशनं सप्टेंबर २०२५ मध्ये मोटारभागांच्या विभागात आणखी सुमारे १३,००० जागांची कपात सांगितली, तिचा भार फॉयरबाख, श्वीबरडिंगेन, वाइब्लिंगेन अशा ठिकाणांवर आहे. कारण साधं आहे. डिझेलचा पंप आणि इंजेक्टर, पिस्टन, गिअरबॉक्स, एक्झॉस्ट, यांत या राज्यानं शंभर वर्षं हात बसवला. विजेच्या मोटारीला यांतलं बहुतेक काही लागत नाही. त्यात चीन, जो यांचा मोठा गिऱ्हाईक होता, स्वतःच गाड्या बनवून विकू लागला. आणि बॉशसारख्या मोठ्या कंपनीपेक्षा तिला भाग पुरवणाऱ्या ऐंशी-शंभर माणसांच्या कारखान्याचं मरण जास्त आहे. ते बातमीत येत नाही.

पण हे मुख्यतः नेकारच्या मधल्या टप्प्याचं आणि बोडनझेच्या एका गावाचं दुखणं आहे. टुटलिंगेनच्या हत्यारांचा इंजिनाशी संबंध नाही. ओबरकोखेनला माणसं कमी पडतात ती चिपच्या मशीनमुळे. बिबराखला औषध संशोधन आहे. हाइलब्रोनला लिडल आणि काउफलांड या दुकानसाखळ्यांच्या मालकांच्या प्रतिष्ठानानं पैसा ओतून म्युनिखच्या तांत्रिक विद्यापीठाची शाखा आणली आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचं केंद्र उभं करायला घेतलं आहे. ते कितपत रुजेल याची मला शंका आहे. पैशानं इमारत होते, श्टाइनबाइसनं केलं तसं काम व्हायला दोन पिढ्या लागतात. संशोधनावर सकल उत्पन्नाच्या पाच टक्क्यांहून जास्त खर्च हे राज्य करतं, युरोपात एवढा खर्च करणारे प्रदेश हाताच्या बोटांवर मोजावेत. त्या खर्चाचा मोठा भाग मोटारवाल्यांचाच आहे, हेही लक्षात ठेवा.

आता मुलाचं. शिकायला येत असेल तर एक खर्च आधी धरा. जर्मनीत सरकारी विद्यापीठं साधारण फुकट, पण या राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७-१८ च्या हिवाळी सत्रापासून सत्राला १,५०० युरो शुल्क आहे. माझं मत, ते देऊनही परवडतं, पण मोठ्या नावाच्या मागं लागू नये. कार्ल्सरूह आणि श्टुटगार्टची विद्यापीठं उत्तमच आहेत, तिथं संशोधनाकडे जाणाऱ्यानं जावं. नोकरीच करायची असेल तर उपयोजित विज्ञानांची महाविद्यालयं बघा: आलेन, जिथून ओबरकोखेन आठ-दहा किलोमीटरवर आहे, फुर्टवांगेन, ज्यांचा एक भाग टुटलिंगेनला आहे, एसलिंगेन, हाइलब्रोनची क्युन्त्सेल्झाउची शाखा. तिथले प्राध्यापक कारखान्यातून आलेले असतात आणि प्रबंध बहुधा कारखान्यातच लिहिला जातो. नोकरी त्यातूनच लागते.

थेट नोकरी बघत असेल तर महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग यांच्यातल्या फेब्रुवारी २०२४ च्या कराराचा फार आधार धरू नका. तो परिचारिका, वीजतंत्री, नळकाम, वाहनचालक अशा कुशल कामगारांसाठी आहे, इंजिनिअरसाठी नाही. दोन राज्यांची भागीदारी २०१५ पासूनची आहे, मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. मर्सिडीज चाकणला, बॉश नाशिकला. या ओळखीचा उपयोग असा, की चाकणमधल्या अनुभवाचं मोल तिकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. कोणत्या मशीनवर, किती मायक्रॉनच्या मर्यादेत काम केलं हे बायोडेटात स्पष्ट लिहावं. पदांची नावं त्यांना फारशी कळत नाहीत.

भाषेला पर्याय नाही. सॅपमध्ये इंग्रजीवर निभतं, श्टुटगार्टच्या काही विभागांतही. गोझहाइमच्या शॉप फ्लोअरवर जर्मन लागेल, आणि तीही श्वाबी वळणाची, जी क्लासमध्ये शिकवत नाहीत. जर्मनच्या परीक्षेची बी-२ पातळी करून निघावं, बाकीचं कानावर पडून येतं. लहान गावात घरभाडं श्टुटगार्ट, फ्रायबुर्ग, हायडेलबर्गपेक्षा बरंच कमी, पण संध्याकाळनंतर बस विरळ आणि रविवारी दुकानं बंद. भाड्याच्या इमारतीत जिना आणि फुटपाथ झाडायची पाळी आठवड्याआठवड्यानं फिरते. ती चुकवली तर शेजारी ओरडत नाहीत, नुसतं लक्षात ठेवतात.

मुलाखतीत त्यानं एक प्रश्न न लाजता विचारावा: तुमच्या विक्रीतला किती हिस्सा इंजिन आणि गिअरबॉक्सच्या भागांचा आहे, आणि पाच वर्षांपूर्वी किती होता? चांगली कंपनी आकडा सांगते. उत्तर गोलमोल आलं तर शेजारच्या खोऱ्यातली कंपनी बघावी, अंतर तासाभराचंच असतं.